मेलानीचं पीप

पंपवाला दुपारी यायचा होता. त्याच्या आधी आखिलकाकाच अंगणात येऊन उभे राहिले, आणि फिर्मिननं महिनाभर खपून बसवलेली त्या शनिवारची घडी तिथंच विस्कटली.

लुटगार्द तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून लाल मुळे चिरत होती. काळी मोटार फाटकातून आत शिरली, कोंबड्या पांगल्या. मोटारीतून आधी एक काठी बाहेर आली, मग एक चकचकीत बूट, आणि मग ऐंशीला टेकलेला पण मान ताठ असलेला माणूस. एकसष्ट साली या फाटकातून बाहेर पडलेले आखिलकाका पुन्हा कधी आत आले नव्हते. सख्खा भाऊ गेला तेव्हासुद्धा ते चर्चच्या मागच्या बाकावर बसले आणि परस्पर निघून गेले.

"आई, बाहेर कोण आलंय बघ," लुटगार्द म्हणाली.

आईनं मान वर केली नाही. गोदेलीवबाई सशाच्या रश्शावरचं झाकण उचलून वास घेत होत्या. "मीच बोलावलंय त्याला. एक ताट जास्त मांड."

"फिर्मिनला सांगितलंस?"

"त्याला ताटं मोजता येतात. कळेल."

लुटगार्दनं सुरी खाली ठेवली. आईच्या मनात काय आहे ते तिला कळेना. बाबांच्या, म्हणजे ओडिलोन स्टालार्टच्या मरणानंतर ओक्सेंबेक गावातली ही बिअरची भट्टी चौघांच्या नावावर होती. आईच्या, भाऊ फिर्मिनच्या, लुटगार्दच्या, आणि आजोबांनी वाटणी न करताच डोळे मिटले म्हणून आखिलकाकांच्याही. ब्रुसेल्सचा एक बिल्डर तिथं फ्लॅट बांधणार होता. सोमवारी नोटरीकडे चौघांच्या सह्या व्हायच्या होत्या. फिर्मिन काकांना भेटून त्यांचा होकार घेऊन आला होता. लुटगार्दनंही हो म्हटलं होतं. ती हाल गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि दर रविवारी येऊन गळकं छप्पर बघायचा तिला कंटाळा आला होता. आई हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. विरोध होता तो एकट्या फेर्लेचा, लुटगार्दच्या मुलीचा. पण तिची सही कुणाला नकोच होती.

फिर्मिन अंगणात धावला. "काका, या, या. तुम्ही स्वतः आलात, फार बरं झालं."

"लीवनं, तुझ्या आईनं बोलावलं," काका म्हणाले. "ससा केलाय म्हणाली."

त्यांचं लक्ष मात्र फिर्मिनकडे नव्हतं. ते जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात पंपवाल्याची गाडी आली. त्या माणसानं एक जाड नळी पीपघराच्या दारापासून उलगडत आणली आणि तिचं तोंड अंगणाच्या मधोमध असलेल्या गटाराच्या जाळीवर टेकवलं.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"मेलानी रिकामी करायचीय. बिल्डरला सगळं साफ हवंय."

"रिकामी करायची म्हणजे कुठं?"

फिर्मिननं हनुवटीनं गटार दाखवलं.

मेलानी म्हणजे पणजीच्या नावाचं ते अगडबंब पीप. बाकीची पिपं गेल्या वर्षीच निघाली. लोकांनी ती मधोमध कापून त्यात जिरेनियम लावले. मेलानी मात्र पीपघराला दार बसायच्या आधी आतच जोडलेली, त्यामुळे ती बाहेर निघेना. पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिक गावोगावच्या भट्ट्यांतलं तांबं उचलून नेत होते, तेव्हा पणजोबांनी तांब्याच्या तोट्या आणि नळ्या हिच्याच पोटात दडवल्या आणि वर गव्हाचा कोंडा भरला, अशी घरातली गोष्ट होती. आता तिच्यात बाबांनी तीन हिवाळ्यांपूर्वी घातलेला लांबिकचा, म्हणजे नुसत्या हवेनं आंबणाऱ्या बिअरचा, शेवटचा घाणा होता. तेव्हाच त्यांचे गुडघे गेले होते, मग भट्टी विझली, आणि गेल्या नोव्हेंबरात, सगळ्या संतांच्या सणाला, तेही गेले.

काका काठी टेकत गटारापाशी गेले. लुटगार्द एव्हाना दारात आली होती, आणि तिच्या मागे ओल्या हातांनी फेर्ले. काका कुठं उभे आहेत हे त्या दोघींनाही कळत होतं. ती गोष्ट गावात कुणाला माहीत नव्हती?

दोघे भाऊ तेव्हा मिळून भट्टी चालवत होते. कॅफेत पोरं कोला मागायला लागली होती, आणि स्टालार्टांची आंबट ग्यूझ बिअर तोंडाला लावली की चेहरे वाकडे करायची. आखिलनं भावाला न विचारता काही पिपं साखर घालून गोड केली आणि गावजत्रेत नेली. संध्याकाळपर्यंत लोकांनी ती उचलून धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओडिलोननं उरलेली पिपं अंगणात ओळीनं लावली आणि सगळ्या कामगारांसमोर, कुंपणापलीकडे जमलेल्या शेजाऱ्यांसमोर हातोडीनं एकेकाचं बूच उडवलं. गोड बिअर गटारातून ओढ्यात गेली. ओढ्यातली बदकं झिंगून उलटी पोहायला लागली म्हणतात. गाव वर्षभर हसत होतं. आखिल त्याच दुपारी बायको आणि एक पेटी घेऊन निघून गेला. टेकडीपलीकडे त्यानं कारखाना उभारला, आणि त्याच्या गोड बाटल्या पार फ्रान्सपर्यंत पोचल्या. पण त्यातली एकही या घराचा उंबरा ओलांडू शकली नाही.

काकांनी काठी उचलली आणि नळीवर आडवी टेकवली.

"या अंगणात एकदा बिअर गटारात गेलीय," ते म्हणाले. "पुरे झालं तेवढं."

"काका, तुम्हीच म्हणालात की सही करतो."

"सहीचं नंतर बघू. आधी चाखली का कुणी?"

"त्यात चाखायचं काय? तीन वर्षं कुणी हात लावला नाही. व्हिनेगर झालं असणार."

"झालं असेल तर ही नळी मी स्वतः धरीन. अरे, चोराला फाशी देतानाही विचारतात, बाबा रे, तुझं काही म्हणणं आहे का."

पंपवाल्यानं टोपी मागे सारली. "मग मी थांबू की जाऊ?"

"थांबा," फिर्मिन म्हणाला.

"जा," दारातून आई म्हणाली. "पण जेवून जा. मुळे आणि ताजं चीज आहे, पावावर घाल."

फेर्ले तर कधीच पीपघरात पोचली होती.

आत गारवा होता आणि कोपऱ्याकोपऱ्यात कोळ्यांची जाळी. बाबा ती कधी झाडू द्यायचे नाहीत. व्हिनेगरच्या माश्या कोळी खातात, मग कोळ्यांना घरातून कोण काढेल, असं म्हणायचे. मेलानी भिंतीला पाठ लावून बसली होती, सगळ्यांपेक्षा उंच. तिच्या पोटावर छातीएवढ्या उंचीला लाकडाची एक बारीक खुंटी ठोकलेली होती. फेर्लेनं पक्कड घेतली आणि आपल्या आईकडे बघितलं. लुटगार्दला वाटलं, आपण आता म्हणावं, थांब, राहू दे. व्हिनेगरच निघालं तर या पोरीचं काय होईल? गेंटला भट्टीचं शास्त्र शिकून तिला दोनच वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत तिनं कुठल्याशा मोठ्या कारखान्यात यंत्रांचे काटे वाचण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

"काढ," लुटगार्द म्हणाली.

खुंटी कुरकुरली आणि निघाली. दाभणाएवढी बारीक धार कमान करून ग्लासात पडायला लागली. फेस नाही, आवाज नाही. रंग जुन्या मधासारखा. फेर्लेनं ग्लास भरला, खुंटी ठोकली आणि ग्लास काकांच्या हातात दिला.

काकांनी तो खिडकीकडे धरला. मग नाकाखाली. मग पुन्हा खिडकीकडे. फिर्मिन म्हणाला, "झालं की नाही व्हिनेगर?" काकांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि ग्लास न बघताच पुढच्या हातात दिला. तो हात लुटगार्दचा होता.

आधी आंबटपणा आला, जबडा आतून ओढून घेणारा. ती म्हणणारच होती, गेलं हे. पण आंबटपणाच्या मागून दुसरं काही यायला लागलं. हिरव्या सफरचंदाची साल. पावसात भिजलेलं गवत. घोड्याच्या पाठीवरून नुकतीच काढलेली घोंगडी. आणि सगळ्यात शेवटी लिंबाच्या सालीसारखं एक कडसर टोक, स्वच्छ, कोरडं, जे जिभेवरून हलायलाच तयार नव्हतं. तिच्या हातावर काटा आला. प्रत्येक आम्लाचं नाव ती झोपेत सांगू शकली असती. त्या क्षणी तिला एकही आठवेना.

"आई, बोल ना," फेर्ले म्हणाली.

"तू पी," एवढंच लुटगार्दच्या तोंडून निघालं.

फेर्लेनं प्यायलं आणि ती हसायलाच लागली. हसता हसता तिनं मेलानीच्या पोटाला दोन्ही हातांनी मिठी मारली. आखिलकाका पिपाला टेकून उभे होते.

"सैतान," ते पुटपुटले. "हा ओडिलोन सैतान होता. गुडघे गेलेले, एक माणूस हाताखाली नाही, आणि हे करून ठेवलं."

जेवणाच्या टेबलावर कुणाचं सशाकडे लक्ष नव्हतं. पंपवाला तेवढा मन लावून जेवला आणि नळी गुंडाळून निघून गेला. फिर्मिननं मात्र धीर सोडला नव्हता. काका खुशीत आहेत हे त्यानं हेरलं होतं.

"मग काका, सोमवारी नक्की?"

"नक्की," काका म्हणाले. "सही करतो. पण मेलानीतलं सगळं मला हवं. माझ्या बाटल्यांत त्याचं नुसतं बोट फिरवलं तरी चव बदलेल. माझा टँकर पाठवतो."

"ठरलं तर," फिर्मिन म्हणाला.

फेर्लेचा काटा ताटात आपटला. "साखरेत घालणार? ते?"

"पोरी, त्या साखरेनं पस्तीस वर्षं शंभर घरं पोसली. तुझ्या आजोबांच्या आंबट बाण्यानं काय पोसलं? कोळी."

"आखिलआजोबा, तुमच्या बिअरचं झाकण मी एकदा उघडलं. मधमाशी आली आणि तिनंही तोंड फिरवलं."

"फेर्ले," लुटगार्द दटावून म्हणाली, पण तिचे ओठ तिच्या ताब्यात नव्हते. काकांच्या लक्षात आलं ते. रागावण्याऐवजी ते खो खो हसले.

"ही ओडिलोनची खरी नात," ते म्हणाले. "जीभ तीच."

"आखिल," आई म्हणाली. तिनं हातपुसणं घडी करून बाजूला ठेवलं. "मी तुला सशासाठी बोलावलं नाही."

"मला वाटलंच."

"मेलानीतलं आहे तसं बाटलीत भरलं तर निपचित पडून राहील. म्हाताऱ्या माणसासारखं. त्याला जाग यायला कोवळं लांबिक लागतं, एका हिवाळ्याचं, ज्याच्या पोटात अजून थोडी साखर शिल्लक आहे. ते घातलं की बाटलीत पुन्हा आंबतं आणि फेस धरतं. आमच्याकडे कोवळं नाही. तीन वर्षं चूल पेटली नाही. तुझ्याकडे आहे."

फेर्ले खुर्चीत पुढे सरकली.

"तुझ्या गोड बिअरच्या पोटात लांबिकच असतं ना?" आई पुढे म्हणाली. "ते मला साखर घालायच्या आधीचं हवंय. सरळ पिपातलं."

काकांनी ग्लास फिरवला. "लीव, ओडिलोननं शपथ घातली होती. आखिलच्या घरचा एक थेंब या घरात येणार नाही. मी ऐकलीय ती, या कानांनी."

"शपथ त्यानं घातली होती, मी नाही. मी तेव्हा कपडे वाळत घालत होते. मला कुणी विचारलं नाही."

"आणि हवा?" काका म्हणाले. "आपल्याकडे विरजण कोण लावतं? हवा लावते. माळ्यावरच्या परातीत धान्याचा उकळता काढा ओततो, झडपा उघडतो, आणि बाहेरची हवा काय ते करते. माझी हवा टेकडीपलीकडची. ओडिलोन म्हणायचा, ती वेगळी."

"असेल वेगळी. तू वेगळा आहेस म्हणून तुला जेवायला वाढायचं नाही का?"

फिर्मिन उठून उभा राहिला. "आई, सोमवारी सही आहे. लोक थांबलेत. आपण शब्द दिलाय."

"सोमवार दर आठवड्याला येतो, फिर्मिन."

"म्हणजे तू सही करणार नाहीस? हे आत्ता सांगतेस? इतके महिने गप्प बसून?"

"इतके महिने मला त्या पिपात काय आहे ते माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं."

फिर्मिन बहिणीकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर पूर्ण खात्री होती, आणि लुटगार्दला तेच सगळ्यात जड गेलं. लहानपणापासून ती त्याच्या बाजूनं उभी राहत आली होती. "लुटगार्द, तू सांग यांना."

तिच्या जिभेवरून ते लिंबाच्या सालीचं टोक अजून गेलं नव्हतं. समोर फेर्ले बसली होती, लाल झालेली, डोळे चमकणारी. इतकं चमकताना लुटगार्दनं तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि आपलेही डोळे तसेच दिसत असणार, हे तिला उमगलं.

"मी सोमवारी येणार नाही," ती म्हणाली.

फिर्मिननं खुर्ची नीट आत सरकवली आणि तो बाहेर निघून गेला.

थोड्या वेळानं लुटगार्द पीपघरात जाऊन अंगणात आली. फिर्मिन एका पालथ्या खोक्यावर बसला होता. खोक्यावर स्टालार्टांचं चित्र होतं, एका बुंध्यावर तीन सुतारपक्षी. रंग उडालेला.

"मी तुला शब्द दिला होता," ती म्हणाली. "मोडला. चिडायचं असेल तर चीड."

"तुला आठवतं, मी इथं बाटल्या धुवायचो?" तो म्हणाला. "शाळेतून आलो की सोड्याच्या गरम पाण्यात हात. कातडी सोलवटायची. वर्गातली पोरं म्हणायची, स्टालार्टच्या अंगाला आंबट वास येतो. ते मी सोसलं. पण बाबांनी एकदाही मला मेलानीची खुंटी काढू दिली नाही. म्हणायचे, तुला नाक नाही. फेर्ले शेंबडी होती तेव्हा तिला काढू दिली. मला नाही. मग मी कशाला ठेवू ही भट्टी? कुणासाठी?"

लुटगार्द शेजारच्या खोक्यावर बसली. "तुला म्हणाले नाक नाही. मला म्हणाले तू मुलगी आहेस. तुझ्या बाबतीत निदान त्यांनी विचार तरी केला."

फिर्मिनला हसू आलं, मनात नसताना. तिनं पदार्थ वाढावा तसा ग्लास त्याच्यासमोर धरला.

"काय हे?"

"तेच. आता खुंटी मी काढली. परवानगी विचारायला कुणी उरलं नाही."

तो ग्लासकडे बघत राहिला. मग त्यानं घोट घेतला. गालाचा स्नायू ओढला गेला. "आंबट आहे," तो म्हणाला.

"हो."

त्यानं दुसरा घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरला. ग्लास परत दिला नाही.

"एक उन्हाळा," शेवटी तो म्हणाला. "त्याच्यापुढे एक दिवस नाही. बाटल्यांना फेस आला नाही, तर तू स्वतः गाडी चालवत मला नोटरीकडे न्यायचंस. आईलाही."

"नेईन."

"आणि त्या बिल्डरला मी काय सांगू?"

"सांग, आई आजारी आहे."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज येत होता. ती काकांना भरड्या आवाजात काहीतरी सुनावत होती आणि फेर्ले टाळ्या वाजवत होती.

"आजारी," फिर्मिन म्हणाला. "ऐक जरा."

पुढच्या आठवड्यात काकांची कोवळ्या लांबिकची पिपं आली आणि घराचं लग्नघर झालं. पहिलं भांडण प्रमाणावरून पेटलं. काका म्हणाले कोवळं निम्मं, फेर्ले म्हणाली तिसरा हिस्सा, त्याच्यावर थेंब नाही. टेबलभर ग्लास मांडले. काका सकाळी एक म्हणायचे आणि जेवल्यावर दुसरंच. शेवटी आई म्हणाली, "लुटगार्दला विचारा. तिला दोघांपैकी कुणाचीच भीती नाही." लुटगार्दनं शाळेतून काचेची नळकांडी आणली आणि ग्लासांवर खुणा केल्या. मग खुणा विसरून नुसत्या जिभेवर विसंबली. तिनं निवडलेला ग्लास तिसऱ्या हिश्शाच्या जरा वर निघाला. काका म्हणाले, "माझंच खरं झालं." फेर्ले म्हणाली, "माझं." दोघेही खूश.

मग बाटल्या धुणं, भरणं, बुचं मारणं. काकांच्या कारखान्यातले कामगार मदतीला आले होते. आईनं त्यांना कॉफी पाजून परत पाठवलं. "घरचं काम घरचेच करतील," ती म्हणाली, आणि ओडिलोनचा जुना चामडी एप्रन काकांच्या गळ्यात अडकवला. काकांनी तो मुकाट बांधला. बूच मारायचं यंत्र कोण चालवणार असा प्रश्न आला तेव्हा फिर्मिन बाह्या सरसावून त्याच्यासमोर बसला होता. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. दांडा खाली, बूच आत, पुढची बाटली. बाटल्या आडव्या रचायच्या त्याही त्यानंच रचल्या, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. संध्याकाळी सगळ्यांचे कपडे चिकट झाले होते आणि अंगाला आंबट वास येत होता. लुटगार्दची मोटार दुरुस्तीला होती, ती तशीच बसनं हालला गेली. शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली, तरी तिला काही वाटलं नाही.

उन्हाळा वाट बघण्यात गेला. फेर्लेनं कारखान्यातली नोकरी सोडली आणि ती आजीकडेच राहायला आली. काका दर रविवारी यायला लागले. मुळे आणि ताजं चीज खाऊन जायचे, आणि बाटल्यांच्या राशीकडे चुकूनही बघत नाही असं दाखवायचे.

ठरलेला दिवस सगळ्या संतांचा. सकाळी सगळे कबरीवर शेवंती ठेवून आले, आणि दुपारी पीपघरात जमले. फेर्लेनं दाराजवळच्या राशीतली पहिली बाटली आणली. तिनं ती काकांना दिली. काकांनी तार सोडवली, बूच हलवलं. ते भिजलेल्या कापडासारखं निमूट निघालं. ग्लासात पडलं ते सपाट, शांत.

"दुसरी आण," काका म्हणाले.

दुसरीही तशीच. चव छान होती, पण जीव नव्हता. फेर्ले भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आईनं हातांची घडी इतकी घट्ट घातली की बोटं पांढरी पडली. लुटगार्दनं पर्स उघडली आणि मोटारीच्या किल्ल्या बाहेर काढल्या. शब्द एकदा मोडला होता, दुसऱ्यांदा मोडायचा नव्हता.

"चल, फिर्मिन," ती म्हणाली. "आज सुट्टी आहे. उद्या सकाळीच निघू."

फिर्मिन जागचा हलला नाही. तो राशीकडे बघत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"थांब," तो म्हणाला. "या दाराजवळच्या आहेत. इथं रात्रंदिवस वारा लागतो. मी रचल्यात ना. आतल्या त्या चुलीच्या भिंतीला टेकून आहेत, आणि पलीकडे आईची शेगडी आहे. त्या ऊबेत होत्या."

तो वाकून मागे गेला आणि धुळीनं माखलेली एक बाटली काखेत धरून आला. काकांनी हात पुढे केला, पण त्यानं दिली नाही. स्वतःच तार सोडवली. अंगठा बुचाला टेकतो न टेकतो तोच मोठा आवाज झाला. बूच छताला लागलं, कोळ्यांच्या जाळ्यातून खाली आलं आणि फेस फिर्मिनच्या मनगटावरून, बाहीवरून, बुटांवर वाहायला लागला. तो बाटली तशीच धरून उभा राहिला, तोंड उघडं टाकून, आणि फेर्ले ग्लास घेऊन त्याच्याभोवती नाचायला लागली.

"मामा, सांडतंय, मामा, ओत ना."

त्यांनी प्यायलं. बुडबुडे नाकात गेले. मेलानीतलं ते सगळं होतंच, गवत, साल, घोंगडी, पण आता ते उठून चालत येत होतं. शिवाय मागे काहीतरी मऊ होतं, पिकल्या जर्दाळूसारखं, जे बाबांच्या बिअरमध्ये लुटगार्दला कधी लागलं नव्हतं. ते कुठून आलं हे सगळ्यांना कळलं. काकांनी पाठ फिरवून नाक शिंकरलं.

"थोडी गोडी आहे का रे त्याला?" आईनं विचारलं.

"साखर नाही घातली मी, लीव. शपथेवर."

"मी कुठं म्हटलं घातली." तिनं ग्लास पुढे केला. "अजून दे."

दुसऱ्या खेपेला ग्लास भरताना फिर्मिन दिसेना. मग वरून आवाज आला. ठाक, ठाक, आणि लाकूड चरचरल्याचा. सगळे जिन्याखाली आले. माळ्यावर, त्या प्रचंड तांब्याच्या परातीच्या पलीकडे, फिर्मिन शिडीवर चढून छपराखालच्या झडपांचे खिळे उपटत होता. बाबा गेले त्याच आठवड्यात त्यानं स्वतः त्या ठोकून बंद केल्या होत्या.

"काका, जरा ती पक्कड द्या," तो वरून म्हणाला. "फारच पक्के ठोकलेत मी. हिवाळा लागला, आणि फेर्लेला काढा निववायचा असेल तर या उघड्या पाहिजेत."

काका काठी टाकून पक्कड शोधायला लागले. फेर्ले एका वेळी दोन दोन पायऱ्या चढत वर गेली. पहिली झडप उघडली तशी नोव्हेंबरची गार हवा जिन्यावरून खाली आली, ओल्या शेतांचा आणि पडलेल्या सफरचंदांचा वास घेऊन. आई हलकीशी शहारली. लुटगार्द जिन्याचं दार लावायला पुढे झाली, तर आईनं तिचा हात धरला.

"राहू दे उघडं," ती म्हणाली. "येऊ दे आत."